उन्हांतला मजूर आणि कायद्याची सावली

वैशाख लागला कीं वऱ्हाडांतल्या तपमानाचे आंकडे पुण्या-मुंबईच्या घरांतूनही वाचले जातात. आज अकोल्यास ४४ अंश, उद्यां ४५, असें ऐकून आपण पंख्याचा वेग वाढवितों आणि खिडकीचा पडदा ओढून घेतों. पण हा आंकडा कोठला असतो, याचा विचार क्वचितच होतो. हवामान खात्याचा तपमापक उघड्या उन्हांत ठेवलेला नसतो. जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या आणि झडपांच्या लाकडी पेटींत तो ठेवलेला असतो. पेटींत वारा खेळतो, पण सूर्याचा किरण आंत शिरत नाहीं. म्हणजे वर्तमानपत्रांत जो आंकडा छापला जातो तो सावलींतल्या हवेचा असतो. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या, डांबर पसरणाऱ्या माणसाच्या पाठीवर जें ऊन पडतें, तें त्या आंकड्यांत येत नाहीं.

आपल्या देशांतील कामगार-कायद्यांचा इतिहासही पुष्कळसा असाच घडला आहे. कायदा प्रथम छपराखालीं आला. उघड्यावर राबणाऱ्याकडे तो फार उशिरां वळला, आणि अद्याप त्याच्यापर्यंत पुरता पोंचलेला नाहीं. हा इतिहास आज आपण वाशिम जिल्ह्याच्या अंगानें पाहूं.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इंग्रजी अमदानींत ‘बाशीम’ या नांवानें हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्यें तो मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वांटले गेले, आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. वाशिम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. मुलूख बराचसा पठाराचा असल्यामुळें पूर्णेच्या खोऱ्यांतल्या अकोल्याइतका तो तापत नाहीं. तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसाच्या पुढें जाणें ही तेथली नित्याची गोष्ट आहे. शेती बहुतेक पावसावरची. सोयाबीन, तूर आणि कापूस घरांत आला कीं रानांतलें काम आटतें आणि मजूर रस्त्याच्या, विहिरीच्या, तळ्याच्या, विटांच्या कामाकडे वळतो. म्हणजे मातीकामाचा हंगाम आणि उन्हाचा हंगाम तेथें एकच पडतो. हा योगायोग नव्हे. पावसाळ्यापूर्वीं तळें खोदून व्हावें लागतें, आणि पोटाची निकडही त्याच महिन्यांत अधिक असते.

अशा उन्हांत शरीराचें काय होतें तें थोडक्यांत सांगतों, कारण पुढील कायद्यांचें मोल त्यावरूनच ठरवावयाचें आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरांतही उष्णता निर्माण होत असते. कुदळ मारणाऱ्याच्या शरीरांत ती अनेक पटींनीं वाढते. भोंवतालची हवा अंगापेक्षां, म्हणजे सुमारें ३७ अंशांपेक्षां, अधिक तापली कीं ही उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो. घाम यावा आणि तो वाळावा. जड काम करणारा माणूस तासाला एक लिटरपर्यंत घाम गाळूं शकतो. तेवढें पाणी पोटांत गेलें नाहीं तर हृदयावर ताण पडतो. पुढें शरीराच्या आंतलें तपमान ४० अंशांवर गेलें कीं बुद्धि भ्रमते आणि माणूस कोसळतो. यालाच आपण उष्माघात म्हणतों. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कोसळण्यापूर्वीं माणसाचें भान सुटत जातें, म्हणून आपली अवस्था त्याला स्वतःला कळत नाहीं. त्यामुळें “थकलास तर बैस” एवढें सांगून मुकादमाची जबाबदारी संपत नाहीं. विसावा ठरलेल्या वेळीं, सर्वांना आणि न मागतां मिळावा लागतो.

आणखी दोन गोष्टी. नवख्या शरीराला उन्हाची संवय होण्यास एक-दोन आठवडे लागतात. म्हणून कामावर नव्यानें आलेल्या मजुराला पहिले कांहीं दिवस अधिक धोका असतो. दुसरें असें कीं, मृगाच्या सुमारास पारा उतरला तरी हवेंतला ओलावा वाढतो आणि घाम वाळेनासा होतो. पेरणीच्या दिवसांतली ती घुसमट आंकड्यावरून दिसते त्याहून वाईट असते.

शेतकऱ्याला हें शास्त्र पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. उन्हाळ्याची नांगरट पहाटे सुरू होते. सूर्य डोक्यावर येण्यापूर्वीं औत सुटतें आणि बैल निंबाच्या सावलींत बांधले जातात. डोक्याला दुपट्टा, शिदोरींत कांदा, मडक्यांत ताक, आणि वाटेवर पाणपोई. परंतु ही रीत ज्याचा वेळ त्याच्या हातीं आहे त्यालाच पाळतां येते. जो दुसऱ्याच्या कामावर आहे आणि ज्याची मजुरी कामाच्या मापावर मिळते, त्याच्या दुपारचा मालक तो नसतो. कायद्याची गरज येथें उत्पन्न होते.

आतां इतिहासाकडे वळूं. ज्या काळांत मजुराच्या दुपारचा विचार कोणाच्या मनांत नव्हता, त्या काळीं याच जिल्ह्यांत कायद्यानें एका गोष्टीची काळजी मात्र घेतली होती, आणि ती म्हणजे कापूस. कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ मध्यें हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानें नियंत्रणाखालीं आला. हिंदुस्थानांतील नियंत्रित बाजारपेठांचा आरंभ तेथून धरतात. १८९७ मध्यें वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदाही झाला. गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावानें मिळावा हा त्यांतला हेतु होता. माल, माप आणि दलाली यांना नियम लागले. तो कापूस रानांतून वेंचून आणणाऱ्या बायांविषयीं कायद्यांत कांहीं नव्हतें.

उघड्यावरच्या मजुराचा विचार सरकारला करावा लागला तो दुष्काळामुळें. १८७६ ते १८७८ च्या दख्खनच्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं सरकारी कामांवरची मजुरी इतकी खालीं आणली कीं पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढेंच पडावें. मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं १८७७ च्या आरंभीं कामें सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. इतक्या अन्नावर जड काम करणारें शरीर टिकत नाहीं, असें मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं ठांसून सांगितलें. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८८० मध्यें आला आणि त्यावरून प्रांतोप्रांतींच्या दुष्काळी संहिता तयार झाल्या. कामाच्या जागीं पिण्याच्या पाण्याची तजवीज, तें वाढण्यासाठीं नेमलेलीं माणसें, मुलांना अन्न आणि आजाऱ्यांना औषध, या गोष्टी त्यांत लिहिल्या गेल्या. त्या पाण्यामागें मुख्य भीति पटकीची होती. कारण कांहीं असो, उघड्यावरच्या कामावर पाणी पुरविणें हें काम काढणाराचें कर्तव्य आहे, ही गोष्ट लेखी झाली.

१८९९ मध्यें पाऊस चुकला तेव्हां वऱ्हाड प्रांतावर हा प्रसंग आला. बाशीम जिल्ह्याची १९०१ ची लोकसंख्या १८९१ पेक्षां कमी भरली, यावरून त्या वर्षांची कल्पना यावी. दुष्काळी कामें म्हणजे बहुधा खडी फोडणें, रस्ते बांधणें आणि तळीं खोदणें. तीं ऐन उन्हाळ्यांतच जोरांत चालत. या कामांवर पाणी होतें, पण कामाचें मापही होतें. ठरलेलें माप भरलें नाहीं तर मजुरी कापली जाई. माणूस खरोखर गरजू आहे कीं नाहीं, याची परीक्षा त्याच्या श्रमानें घ्यावी असें त्या संहितांचें तत्त्व होतें. अशा व्यवस्थेंत पाणी हा हक्क नसून मदत होती, आणि दुपारचा विसावा ही मजुरांतली तूट होती. मजूर व सरकार यांच्यांत कामगार आणि धनी हें नातें नव्हतें; याचक आणि दाता हें होतें. या नात्याची छाया पुढील शंभर वर्षें उघड्यावरच्या कामांवर राहिली.

याच सुमारास छपराखालच्या मजुराची कथा निराळ्या वाटेनें चालली होती. १८८४ मध्यें मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति आणि सूर्यास्ताला कामाचा शेवट, या त्यांतल्या प्रमुख मागण्या होत्या. १८९० मध्यें मुंबईच्या गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कारखाना-कायद्यानें आठवड्याची सुटी दिली आणि दुपारीं १२ ते २ च्या दरम्यान अर्धा तास काम थांबविण्याचा नियम घातला. लोखंडे यांनीं विसावा भीक म्हणून मागितला नव्हता. कामाचा भाग म्हणून मागितला होता. १९११ च्या कायद्यानें वर्षांतून थोडेच महिने चालणारे हंगामी कारखानेही कक्षेंत घेतले. त्यामुळें कापूस पिंजणाऱ्या जिनांतल्या मजुरापर्यंत हें संरक्षण, निदान कागदावर, येऊन पोंचलें. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें तर अडीचशेंहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उन्हाळ्यांत पाणी थंड करून देण्याची सक्ति केली. म्हणजे सरकी काढणाऱ्याला थंड पाणी, आणि तीच गांठोडीं उन्हांतून वाहणाऱ्याला त्याचें नशीब, असा भेद स्वातंत्र्यानंतरही उरला. बाजारांतल्या हमालांसाठीं महाराष्ट्रानें १९६९ मध्यें माथाडी कायदा केला. त्यानें हमालांना नोंदणी, मंडळाच्या मार्फत मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधि मिळवून दिला. दुपारच्या उन्हाचा प्रश्न मात्र त्यानेंही बाजूलाच ठेवला.

या सगळ्या कालक्रमांत १९६५ सालीं एक असा नियम झाला कीं तो ऐकून आपण अंतर्मुख व्हावें. ओझीं ओढणाऱ्या व वाहणाऱ्या जनावरांना क्रूरपणें वागवूं नये म्हणून केंद्र सरकारनें त्या वर्षीं नियम केले. बैल, रेडा, घोडा, गाढव यांना दिवसांत नऊ तासांहून अधिक जुंपूं नये. सलग पांच तासांनंतर विश्रांति द्यावी. आणि जेथें तपमान ३७ अंशांच्या वर असेल तेथें दुपारीं १२ ते ३ या वेळांत त्यांच्याकडून काम घेऊं नये, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. अंश लिहिला, प्रहर लिहिला. संदिग्ध कांहीं ठेवलें नाहीं. मुक्या जनावरासाठीं केलेला हा नियम सर्वस्वी योग्यच आहे. परंतु वाशिमच्या रस्त्यावर भर दुपारीं बैलगाडी थांबविण्यास कायद्याचा आधार आहे, आणि त्या गाडींतली खडी पसरणाऱ्या बाईला थांबविण्यास तितका स्पष्ट आधार नाहीं, ही विसंगति डोळ्यांआड करतां येत नाहीं. असा नियम लिहितां येत नाहीं, तो अव्यवहार्य आहे, असें म्हणणाऱ्यांना मात्र त्यांतच उत्तर आहे.

याच १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतल्या तासगांव भागांत वि. स. पागे यांनीं मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग आरंभिला. १९७२ च्या भीषण अवर्षणांत ती कल्पना सबंध महाराष्ट्राच्या कामीं आली. मे १९७३ मध्यें राज्यांतल्या दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें होतीं. खडी केंद्रें आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडीं आजही आहेत. १९७७ मध्यें रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. त्या दिवसापासून काम हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरला. पिण्याचें पाणी, विसाव्याला सावली, तान्ह्या मुलांसाठीं पाळणाघर आणि प्रथमोपचार या सोयी त्या कामाला जोडल्या गेल्या. दुष्काळी संहितेंतलें पाणी येथें दानाच्या पंक्तींतून हक्काच्या पंक्तींत आलें.

या योजनेशीं आपल्यासारख्या शहरी कुटुंबांचा संबंध पुष्कळांच्या ध्यानांत नसतो. १९७५ मध्यें महाराष्ट्रानें व्यवसाय-कर बसविला, तो या हमीसाठीं पैसा उभा करण्याकरितां. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा कापली जाणारी ती लहानशी रक्कम अनेकांनीं कुरकुरत दिली असेल. तळ्याच्या बांधावर उभ्या राहिलेल्या एखाद्या मांडवाची सावली त्यांतून आलेली आहे. शहरानें गांवच्या मजुरासाठीं असा कायमचा कर सोसावा, ही गोष्ट महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी आहे.

महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार घेऊन २००५ मध्यें देशभरासाठीं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला. शुद्ध पाणी, मुलांसाठीं सावली, विश्रांतीचा अवधि आणि औषधाची पेटी त्याच्या परिशिष्टांत नमूद होती. आठ तासांचा दिवस धरून त्यांत एक तास विश्रांतीचा असावा आणि तेवढ्या श्रमांत पूर्ण मजुरी पडेल असे कामाचे दर असावेत, असेंही त्यांत पुढें लिहिलें गेलें. तो कायदा बदलून संसदेनें डिसेंबर २०२५ मध्यें त्याच्या जागीं नवा कायदा मंजूर केला. जो कायदा असेल त्यांत पाहण्याची गोष्ट एकच: मजुरी मापावर असतां विसाव्याचा तास त्या मापांत धरला आहे कीं नाहीं.

कारण प्रश्नाची खरी गांठ येथें आहे. खड्डा किती घनमीटर झाला यावर मजुरी ठरते. उन्हाळ्यांत जमीन दगडासारखी होते आणि हात लवकर थकतो. तेव्हां ज्या मजुराला सावलींत बसल्यानें पैसे कमी मिळतात, तो सावलींत बसत नाहीं. मांडव रिकामा राहतो आणि तपासणीला आलेला अधिकारी मांडव आहे म्हणून नोंद करून जातो. १८९९ च्या दुष्काळांत जें माप मजुराच्या पाठीशीं लागलें, तें असें अजून सुटलेलें नाहीं. आंध्र प्रदेशांत रोजगार हमीच्या कामावर फेब्रुवारी ते जून या महिन्यांत माप २० ते ३० टक्के कमी धरून पूर्ण मजुरी देण्याची पद्धत होती. उन्हाचा भार मजुराच्या पोटावर न टाकतां हिशेबांत धरावा, हें त्यांतलें तत्त्व अनुकरणीय आहे.

रस्ते आणि इमारतींच्या कामांसाठीं १९९६ मध्यें निराळा कायदा झाला. पिण्याचें पाणी, राहण्याची तात्पुरती सोय, पाळणाघर आणि प्रथमोपचार ही ठेकेदाराची जबाबदारी त्यानें ठरविली. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग वाशिम जिल्ह्यांतील कारंजा व मालेगांव या भागांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. त्यावरून वातानुकूलित गाडींत बसून जातांना ज्या उन्हांतून आपण सुखानें पार होतों, त्याच उन्हांत तो रस्ता बांधला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार-संहिता अंमलांत आल्या. त्यांतली सुरक्षा व आरोग्याची संहिता पूर्वींचे अनेक कायदे एकत्र करते. परंतु उघड्यावर अमुक अंशांच्या पुढें, अमुक वेळांत काम थांबावें, असा आंकडा तिच्यांत नाहीं.

तोंवर जें आहे तें सल्ल्याच्या रूपानें. २०१० च्या मे महिन्यांत अहमदाबादेंत उन्हानें हाहाकार केला. त्यानंतर २०१३ मध्यें त्या शहरानें उष्णतेशीं सामना करण्याचा आराखडा केला, आणि २०१६ पासून नागपुरानेंही तो मार्ग धरला. एप्रिल २०२३ मध्यें केंद्रीय कामगार मंत्रालयानें राज्यांना पत्र लिहून कामाच्या वेळा बदलण्याची व पाण्याची सोय करण्याची सूचना केली. हे प्रयत्न चांगले आहेत, त्यांनीं जीव वांचतात. पण सूचना मोडली तर कोणी जबाब मागत नाहीं. केरळांत याहून पुढचें पाऊल पडलें आहे. तेथील कामगार आयुक्त किमान वेतनाच्या नियमांचा आधार घेऊन उन्हाळ्यांत दुपारीं १२ ते ३ उघड्यावरचें काम बंद ठेवण्याचा हुकूम काढतात. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें २००५ मध्यें पाणी, सावली व विसावा यांचा सक्तीचा नियम केला. कतारनें २००७ पासून उन्हाळी दुपारचें काम बंद केलें आणि २०२१ मध्यें ती मुदत वाढविली. शिवाय ऊन, ओलावा व वारा यांचा एकत्र विचार करणाऱ्या मापाची मर्यादाही घातली. सावलींतल्या पाऱ्यावर न विसंबतां मजुराच्या अंगावरचें ऊन मोजणारें हें माप आहे, म्हणून तें आपणांसही उपयोगी पडावें.

तेव्हां श्रोतेहो, इतिहासाचा निष्कर्ष अवघड नाहीं. पाणी कायद्यांत आलें तें पटकीच्या भीतीनें, सावली आली ती हमीच्या हक्कानें. दुपार तेवढी यावयाची राहिली आहे. ती यावयाची तर तिच्यांत तीन गोष्टी असाव्या लागतील: ठरलेला अंश, ठरलेली वेळ, आणि त्या वेळेची मजुरी. पहिल्या दोन गोष्टी १९६५ मध्यें बैलाला मिळाल्या. तिसरी माणसालाच लागते, कारण बैलाला विसाव्याबद्दल वैरण कमी मिळत नाहीं.

कायदा होईपर्यंत आपल्या हातीं कांहींच नाहीं असें मात्र नव्हे. शहरांतल्या घराघराशीं उघड्यावरच्या श्रमाचा रोजचा संबंध येतो. गच्चीवर गिलावा करणारा गवंडी, भिंत रंगविणारा, हातगाडी ओढणारा, दाराशीं जिन्नस पोंचविणारा मुलगा, यांच्या दुपारचे मालक त्या दिवसापुरते आपणच असतों. काम सकाळीं लवकर सुरू करण्यास घर उघडें ठेवावें, दुपारचे तीन तास सोडावेत, आणि ते सोडले म्हणून रोज कापूं नये. एवढें केलें तर जें आपण सरकारकडे मागतों तें आधीं आपल्या अंगणांत घडेल.